निळा चीक : नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरातले पाच दिवस

कोकणातल्या एका कॉलेजात मी ३१ वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. दुसऱ्या वर्षाला बुरशीवर्गाचा भाग असायचा आणि त्यातली एक ओळ मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे : ‘लॅक्टेरियस, इजा झाली की चीक गाळणारी छत्री.’ मुलं ती वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत तशीच लिहायची. मी मात्र ती छत्री कधी हातात धरली नव्हती. आमच्याकडे पावसाळ्यात बाजारात येते ती वारुळावरची अळंबी. ती मोडली तर आत पांढरा, धाग्याधाग्यांचा गर असतो, चीक नसतो. चीक बघायचा तर रुईचा, उंबराचा, नाहीतर फणस चिरताना हाताला चिकटणारा.

निवृत्तीनंतर लेकीकडे, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावी, मुक्काम करायचा ठरला तेव्हा पहिल्यांदा नकाशा काढून बसले. कॅरीहून पश्चिमेला गाडीने चारेक तासांवर ॲपलेशियन डोंगर सुरू होतात आणि त्या डोंगरांच्या ओक-पाइनच्या रानात लॅक्टेरियस इंडिगो उगवते. तिचा चीक पांढरा नसतो, निळा असतो. “आई, तुला इथे काय बघायचंय?” असं लेकीने विचारलं, तेव्हा माझं उत्तर तयार होतं.

ऑगस्ट २०२३ मध्ये पाच दिवस जुळले. लेक, जावई, आठ वर्षांची नात, मी आणि हे. यांचे गुडघे दुखतात, चढ जमत नाही, तरी येतो म्हणाले.

पहिला दिवस : सेलमवरून ॲशव्हिल

सकाळी लवकर निघालो. सरळ डोंगरात जायचं तर मधे थांबायचं कारण नव्हतं, पण मला विन्स्टन-सेलमला उतरायचंच होतं. तिथलं जुनं सेलम हे मोरेव्हियन या प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी १७६६ मध्ये वसवलेलं गाव. विटांची आणि लाकडी घरं, दारापुढे भाजीचे वाफे, एक जुनी बेकरी. त्या बेकरीतली आल्याची बिस्किटं कागदासारखी पातळ असतात. नातीने अर्धा डबा गाडीत बसायच्या आधीच संपवला.

मी आले होते लुइस डेव्हिड फॉन श्वाइनिट्झसाठी. हा पंथाचा पाद्री. १८१२ मध्ये इथल्या चर्चच्या जमिनींचा कारभार बघायला आला आणि १८२१ पर्यंत राहिला. हिशेब, खंड, मोजणी हे त्याचं काम, आणि त्यातून वेळ काढून तो आसपासच्या रानातली बुरशी गोळा करायचा. त्याआधी युरोपात असताना आल्बर्टिनी नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्याने बुरश्यांवर एक ग्रंथ लिहिला होता, म्हणजे हात तयार होता. कॅरोलायनातल्या हजाराहून जास्त बुरश्यांची त्याने केलेली नोंद १८२२ मध्ये लाइपझिगला छापली गेली. तीत एका छत्रीला त्याने नाव दिलं ‘ॲगॅरिकस इंडिगो’. पुढे १८३८ मध्ये स्वीडनच्या एलियास फ्रीसने तिला लॅक्टेरियस गणात नेलं, ‘इंडिगो’ तेवढं तसंच ठेवलं.

इंडिगो म्हणजे आपली नीळ. हा शब्द ग्रीक ‘इंडिकॉन’वरून आला, अर्थ ‘भारतातली’. कॅरोलायनाच्या रानात एका जर्मन वळणाच्या पाद्र्याला अळंबी सापडते आणि तिचा रंग सांगायला त्याच्याकडे आपल्या देशावरून पडलेला शब्द असतो. हे मी जुन्या सेलमच्या विटांच्या पदपथावर उभी राहून यांना सांगत होते. माझ्या लहानपणी घरी शनिवारी धोतरं धुतली की शेवटच्या पाण्यात निळीची पुरचुंडी फिरवायची. ती नीळ काही खऱ्या झाडाची नव्हती, नाव मात्र तेच. हे म्हणाले, “तुझ्या त्या पाद्र्याची समाधी आहे का इथे?” नाही, तो परत पेनसिल्व्हेनियाला गेला आणि १८३४ मध्ये तिकडेच वारला. पण इथलं मोरेव्हियन दफनस्थान आम्ही पाहिलं. सगळे दगड एकाच मापाचे, जमिनीला टेकलेले. श्रीमंत-गरीब ओळखू येऊ नये म्हणून तसे ठेवतात. मला ती जागा फार आवडली.

पुढचा रस्ता सरळसोट हायवे. ॲशव्हिलच्या अलीकडे चढ लागला आणि गाडीत कानांना दडे बसले. संध्याकाळी पाऊस आला, अगदी आपल्या वळवासारखा, ढगांच्या गडगडाटासकट. मी मनात म्हटलं, पडू दे.

दुसरा दिवस : माउंट मिचेल

ब्लू रिज पार्कवे हा रस्ता डोंगराच्या माथ्यामाथ्यावरून जातो. एकूण लांबी ४६९ मैल. ट्रक नाहीत, जाहिरातींचे फलक नाहीत, दोन्ही बाजूंना ऱ्होडोडेंड्रॉनच्या झुडपांची गर्दी. त्यावरून आम्ही माउंट मिचेलला गेलो. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडचं हे सगळ्यात उंच शिखर, ६,६८४ फूट, म्हणजे २,०३७ मीटर. आपलं कळसूबाई १,६४६. उंची मोजून वाद मिटवायला निघालेले प्राध्यापक एलिशा मिचेल १८५७ मध्ये इथेच धबधब्यावरून पडून गेले. त्यांची कबर माथ्यावर आहे.

निळी छत्री इथे मिळणार नाही हे मला माहीत होतं. तिला ओक आणि पाइन लागतात, आणि इतक्या उंचीवर रान बदलतं. इथे लाल स्प्रूस आणि फ्रेझर फर. पण थंड डोंगरातलं शंकूधारी रान मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते आणि त्याच्यासाठी एक अख्खा दिवस द्यायची माझी तयारी होती. ढग झाडांतून वाहत होते. पायाखाली शेवाळ इतकं जाड, की पाऊल टाकलं की आवाजच येईना. मधूनमधून फरचे पांढरे सांगाडे उभे होते. युरोपातून आलेल्या एका इवल्याशा रसशोषक किडीने ही झाडं मारली. खाली दरीत हेमलॉकचंही तेच झालं आहे, तिथली कीड आशियातली. आणि त्याच्याही आधी, १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा दिसलेल्या एका बुरशीने या डोंगरातला चेस्टनट जवळजवळ संपवला. त्याच्या जागी बऱ्याच ठिकाणी ओक वाढले. म्हणजे आज जिथे निळी छत्री शोधायची ते ओकचं रानही एका मोठ्या मरणानंतर असं दाट झालेलं आहे. बुरशी मारते आणि बुरशीच जगवते, हे वर्गात सांगायला सोपं वाटायचं. तिथे उभं राहिल्यावर मला बोलवेना.

एका स्प्रूसच्या बुंध्याशी एक छत्री दिसली. मखमली, काळपट तपकिरी, मधे बारीक टोक. लॅक्टेरियस लिग्निओटसच्या गोतावळ्यातली असावी असं वाटलं. हे राज्य उद्यान, इथली कुठलीच गोष्ट तोडायची नाही, म्हणून मी गुडघे टेकून नुसती बघत राहिले. गोगलगायीने एका बाजूने तिला कुरतडलं होतं. त्या कडेला दुधाचे वाळलेले थेंब होते आणि आजूबाजूचा गर गुलाबीसर झाला होता. चीक गाळणारी छत्री मी बघितली ती अशी, गोगलगायीच्या कृपेने. नात भिंग घेऊन शेजारी पालथी पडली होती. “आजी, हिला दुखलं असेल का?” मी म्हटलं, “दुखलं नसेल, पण कळलं असेल.” पुष्कळ दुधी छत्र्यांच्या गरात चीक वाहणारे वेगळे तंतू असतात. ते तुटले की चीक बाहेर येतो, आणि काही जातींत त्यातली साधी द्रव्यं काही सेकंदांत झणझणीत तिखट होतात. खाणाऱ्याने दुसरा घास घेऊ नये, म्हणून.

तिसरा दिवस : ब्रेवर्डजवळचं रान

मुख्य दिवस हा. ॲशव्हिलच्या दक्षिणेला ब्रेवर्डच्या बाजूला एका कुटुंबाच्या खासगी जमिनीवर तिथल्या अळंबीप्रेमींची फेरी होती. लेकीने आधीच परवानगी घेऊन ठेवली होती. सरकारी रानात, उद्यानात, पार्कवेवर प्रत्येक ठिकाणचे गोळा करण्याचे नियम वेगळे आहेत. कुणी जाणार असेल तर ते आधी नीट वाचावेत. खासगी जागेत मालकाचा शब्द पुरतो.

फेरी नेणाऱ्या बाई सत्तरीच्या. गळ्यात भिंग, हातात वेताची करंडी, कमरेला वाकडं पातं असलेली छोटी सुरी, मागे माती झाडायला ब्रश. सुरुवातीलाच त्यांनी सगळ्यांना एका पांढऱ्याशुभ्र छत्रीसमोर उभं केलं. सुंदर, बगळ्यासारखी, बुडाशी पिशवी. ॲमॅनिटा बायस्पोरिजेरा. “हिचा चेहरा आधी पाठ करा,” त्या म्हणाल्या. ही खाल्ली तर सहा ते बारा तास काही होत नाही. मग उलट्या-जुलाब होतात, मग बरं वाटायला लागतं, आणि त्या बरं वाटण्याच्या काळात यकृत खलास होत असतं. नातीने माझा हात घट्ट धरला. रानात मुलांना पहिल्यांदा काय शिकवावं, याचं इतकं चांगलं उत्तर मी कुठल्या पाठ्यपुस्तकात वाचलेलं नाही.

त्यानंतर दुधी छत्र्या. किती ते सांगता येत नाही! ऑगस्टचा पाऊस झाला की या रानात त्यांचं राज्य असतं. आधी एक विटकरी-नारिंगी, लॅक्टिफ्लुअस व्होलेमस. पूर्वी तीही लॅक्टेरियसच होती. २००८ नंतर डीएनएच्या पुराव्यावरून हा गण फोडला गेला आणि बऱ्याच जाती लॅक्टिफ्लुअसमध्ये गेल्या. मी निवृत्त होईपर्यंत जुनंच नाव शिकवत होते. बाईंनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, “मोडा.”

मोडली. खडू मोडावा तशी, कट्कन. या कुळातल्या छत्र्यांच्या गरात लांब तंतूंबरोबर गोल फुगीर पेशींचे पुंजके असतात, म्हणून त्या आपल्या अळंबीसारख्या धाग्याधाग्याने फाटत नाहीत, तुकडा पडतो. आणि पात्यांतून, म्हणजे टोपीखालच्या पातळ पडद्यांतून, दूध आलं. थेंब थेंब नव्हे, ओघळ. बोटांवरून मनगटाकडे गेला. थोड्या वेळाने हाताला तपकिरी डाग पडले आणि वास सुटला तो सरळ मासळीबाजाराचा. मालवणच्या माणसाला त्या वासाने परकं वाटणं शक्य नाही. व्होलेमस खायला उत्तम मानतात, आणि शिजली की वास जातो असं सगळे सांगत होते.

मग सुरकुतलेल्या टोपीची तिची बहीण कॉरुगिस. मग विरळ पात्यांची हायग्रोफोरॉइडस, हिचं दूध डाग पाडत नाही. मग पांढरी, दाट पात्यांची पायपेरेटस. बाईंच्या सांगण्यावरून तिचा एक थेंब जिभेच्या टोकाला लावला आणि लगेच थुंकला. पहिले दोन श्वास काही नाही. मग लवंगी मिरची चावल्यासारखा जाळ, दहा मिनिटं टिकला. जाणकार शेजारी असल्याशिवाय हा प्रयोग कुणी करू नये. याच कुळातल्या छत्र्यांवर दुसरी एक बुरशी चढते आणि तिला शिजलेल्या शेवंडीसारखी लालभडक करून टाकते. तीही दिसली. तिला इथले लोक लॉबस्टर म्हणून खातात.

आणि एका ओकच्या सावलीत ‘घोस्ट पाइप’चा झुबका. मोनोट्रोपा युनिफ्लोरा. मेणासारखं पांढरं झाड, हिरवेपणाचा ठिपका नाही, मान खाली घातलेलं एकेक फूल. ही बुरशी नव्हे, फुलझाड आहे. स्वतः अन्न बनवत नाही आणि आपल्या बांडगुळासारखी झाडाच्या फांदीतही मुळं खुपसत नाही. जमिनीखाली रसुला आणि दुधी छत्र्यांच्या कुळातली बुरशी ओकच्या मुळांना जोडलेली असते. ओक तिला साखर देतो, ती ओकला पाणी, फॉस्फरस, नायट्रोजन आणून देते. घोस्ट पाइप त्या बुरशीच्या धाग्यांना आपली मुळं जोडतं आणि ओकची साखर बुरशीकडून काढून घेतं. तीन जीवांचा व्यवहार, सगळा पायाखाली. मी तिथे किती वेळ बसले मला माहीत नाही. हे मागून काठी टेकत आले आणि काही न बोलता शेजारी बसले.

आपली अळंबी वाळवीच्या भरवशावर जगते. वाळवी वारुळात तिचा मळा करते, खत घालते, निगा राखते, आणि पावसात ती वर येते. इथली झाडाच्या भरवशावर. म्हणून धिंगरीसारखी पेंढ्याच्या पिशवीत दोघींपैकी एकही होत नाही. निळ्या छत्रीला झाडाबरोबरच लावायचं, म्हणजे लागवडीचं रान आणि अन्न एकाच जमिनीतून घ्यायचं, असा विचार शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये मांडला आहे. माझ्या मनाला तो फार पटला.

दिवसभरात निळी मात्र दिसली नाही. ओढ्याजवळच्या पायवाटेला एक जुनाट, राखाडी-हिरवट बशी पडलेली होती, कडा फाटलेली. मी सवयीने तिचा फोटो काढला आणि तिच्यावरून पाय टाकून पुढे गेले.

रात्री फोटो बघताना तो समोर आला. मोठा करून बघितला. बशीवर मडक्यावरच्या रेघांसारखी एकात एक वर्तुळं होती, आणि फाटलेल्या कडेला पिकल्या जखमेसारखा गडद हिरवा डाग. माझ्या छातीत धडधडायला लागलं. निळा चीक हवेत हळूहळू हिरवा होतो, आणि वय झालं की छत्रीही राखाडी-हिरवी पडते, हे मीच तर लेकीला गाडीत सांगत होते. मी निळा रंग शोधत राहिले आणि समोर पडलेली ती मला ओळखता आली नाही. ३१ वर्षांच्या शिक्षकीनंतर ही चूक मनाला फार लागली. बाईंना फोटो पाठवला. दहा मिनिटांत उत्तर आलं : तीच. म्हातारी झालेली. सकाळी या.

चौथा दिवस : पुन्हा ओढ्याकडे

साडेसातला पोचलो. रात्री पाऊस पडून गेला होता आणि पानगळीतून वाफ निघत होती. जुनी बशी जागेवरच. तिला हात लावला तर लगदा झाली. बाई म्हणाल्या, आता खाली बघू नका, वर बघा. वर एक पांढरा ओक आणि त्याला लागून पांढरा पाइन, दोघांच्या फांद्या एकमेकांत गेलेल्या. “यांची मुळं जितकी जातात तितकं अंगण.” आम्ही दोघांच्या बुंध्यांपासून गोल फिरत बाहेर गेलो, पावलामागे पाऊल.

सातव्या की आठव्या फेरीला पाइनच्या सुयांखाली जमीन जरा उचलल्यासारखी वाटली. ब्रशने सुया बाजूला केल्या. वितीपेक्षा लहान, मधे खोलगट, कडा आत वळलेली टोपी. वरून रुपेरी झाक असलेला निळा, त्यावर गडद वर्तुळं. शेजारी दुसरी. मग तीन आणखी, त्यांतली एक पानाखाली बटणाएवढी. मी हाक मारली, पण आवाज काही नीट फुटला नाही.

सगळ्यात मोठी देठाशी सुरीने कापली आणि उलटी केली. पात्या अशा निळ्या, की मला उपमा सुचेना. जांभळा नाही, आकाशी नाही. नव्या जीन्सच्या आतल्या बाजूचा नाही. शाईच्या दौतीत प्रकाश धरून बघितला तर तळाशी जो दिसतो, तो. सुरी पात्यांवरून ओढली आणि निळा चीक वर आला. थेंब फुगला, कडेवरून ओघळला, माझ्या अंगठ्यावर पडला.

मी वही काढली. बोट बुडवून पानावर एक आडवी रेघ ओढली आणि खाली लिहिलं : लॅक्टेरियस इंडिगो, सकाळी ८.४०. वर्गात खडूने लिहिलेल्या त्या ओळीखाली आता तिच्याच हाताची सही होती. डोळे भरून आले ते मी कुणापासून लपवले नाहीत.

खात्री करायला चीक बघावाच लागतो. लॅक्टेरियस पॅराडॉक्सस टोपीने बरीचशी अशीच निळसर-हिरवी असते, पण मोडली की तिचा चीक दारूसारखा लालसर-तपकिरी निघतो. आणि जांभळ्या-निळ्या कॉर्टिनेरियस जातींना चीकच नसतो.

नातीने विचारलं, हा निळा रंग आणि जीन्सचा निळा एकच का? नाही. निळीच्या रंगात नायट्रोजन असतो. या छत्रीचा रंग ॲझुलीन नावाच्या द्रव्याच्या घराण्यातला. मी तिला तिथेच काडीने मातीत काढून दाखवलं. १० कार्बन, ८ हायड्रोजन. ते दोन षटकोनांत जोडले की कपाटातली डांबरगोळी होते, पांढरी. तेच अणू एका पंचकोनात आणि एका सप्तकोनात जोडले की गडद निळं ॲझुलीन. तितकंच सामान, जोडणी वेगळी. छत्रीतला रेणू याहून मोठा आहे, शेपूट लावलेला, पण निळेपणा त्या दोन कड्यांचा. पोर चित्राकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, “म्हणजे डांबरगोळीला माहीतच नाही ती निळी होऊ शकली असती.”

मालकांनी तीन छत्र्या आम्हाला दिल्या, दोन जागेवर ठेवल्या. कापावी की उपटावी, यावर आमच्यात बोलणं झालं. बाई कापणाऱ्यांतल्या. पण स्वित्झर्लंडमध्ये जवळजवळ ३० वर्षं चाललेल्या एका अभ्यासात कापल्याने काय किंवा उपटल्याने काय, पुढच्या पिकावर फरक पडला नाही. फरक पडला तो माणसांच्या तुडवण्याने. हे त्यांनीच सांगितलं. म्हणून परतताना आम्ही सगळे आल्या पावलांवर पाय ठेवत ओळीने आलो.

मुक्कामी संध्याकाळी लोखंडी तव्यावर शिजवल्या. आधी नुसत्या, पाणी आटेपर्यंत. मग लोणी, मीठ, थोडी ठेचलेली लसूण. निळा रंग तव्यावर राखाडी होत गेला, त्याचं मला वाईट वाटलं. अर्ध्या तुकड्यांवर लेकीने अंडी फोडली आणि ती हिरवी झाली. चव सांगायची तर गर कुरकुरीत, किंचित रवाळ, शेवटी मिरपुडीची कडसर चुणूक. आपल्या वारुळावरच्या अळंबीचा मऊ, मटणासारखा गोडवा हिच्यात नाही, आणि तुलना करू नये. पहिल्यांदाच खातोय म्हणून प्रत्येकी तीन-चार तुकडेच घेतले आणि एका छत्रीचा अर्धा भाग न शिजवता फ्रिजमध्ये ठेवला. नवी अळंबी खाताना ही सवय असावी, काही त्रास झाला तर दाखवायला नमुना हाताशी राहतो. मेक्सिकोत खेड्यांच्या बाजारात ती ‘अझुल’ म्हणून, म्हणजे नुसतीच निळी म्हणून, विकायला येते.

इथे एक गोष्ट लिहायलाच हवी. त्यानंतर वर्षाने, २७ सप्टेंबर २०२४ ला, हेलीन वादळ या डोंगरांवर कोसळलं. आम्ही गेलो होतो तो पार्कवे कित्येक ठिकाणी तुटला, नद्यांनी गावं नेली, माणसं गेली. मी पुण्यात बसून बातम्या बघत होते. कितीतरी दिवसांनी बाईंचा निरोप आला. त्या सुखरूप होत्या. ओढ्यालगतच्या उतारावरची झाडं निम्म्याहून जास्त पडली होती. पांढरा पाइन गेला. ओक उभा आहे. एवढंच त्यांनी लिहिलं होतं, आणि मला त्या ओकच्या मुळांना अजून धरून असलेले धागे डोळ्यांपुढे दिसत राहिले.

पाचवा दिवस : परत

रात्री एका टोपीला अर्ध्या काळ्या, अर्ध्या पांढऱ्या कागदावर पालथी घालून वर भांडं झाकलं होतं. सकाळी उचलली तर पात्यांचा ठसा उतरलेला, बीजाणूंची रांगोळी, फिक्या सायीच्या रंगाची. इतक्या निळ्या छत्रीचे बीजाणू असे साधे. तो कागद मी पुस्तकात घालून आणला आहे.

परतीचा रस्ता पावसातच गेला. निघायच्या आधी कुडाळला आईला फोन लावला. तिचं वय ८७, दरवर्षी पहिल्या अळमींची वाट बघते आणि कुठलं वारूळ कधी फुटतं ते तिला तोंडपाठ आहे. सगळं सांगितलं. निळा चीक, हिरवी अंडी, सगळं. फोनवर जरा वेळ काही नाही. मग म्हणाली, “निळो चीक? रुयेचो बघलंय, शेराचो बघलंय. निळो बघूक नाय.” मी वही उघडून रेघ बघत होते. काल निळी होती, आता शेवाळी झाली होती, कडेला तेवढी अजून निळसर.

“जाग्यार काय ठेवलंस काय गो?”

“दोन ठेवलंव आये. एक बारीक आसा.”

“मगे बरा,” आई म्हणाली, आणि पाऊस किती पडला ते विचारायला लागली.